यकृत्-निष्फलता व वनस्पतिज औषधे

यकृत्-निष्फलता व वनस्पतिज औषधे : यकृताच्या कोशिकांचा (पेशींचा) मोठ्या प्रमाणावर नाश झाल्यामुळे किंवा त्यांचे कार्य थांबल्यामुळे उद्‌भवणाऱ्या गंभीर अवस्थेस यकृत्-निष्फलता म्हणतात. या अवस्थेत रक्त साखळण्यास आवश्यक असलेली प्रथिने तयार होत नाहीत, रक्तातील बिलिरुबीन हे पित्तरंजक वाढून कावीळ होते आणि अमोनियासारखी विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचल्यामुळे ग्लानी, भ्रम व अखेरीस बेशुद्धी येते. पूर्वी यकृत् निरोगी असलेल्या व्यक्तीत ही अवस्था काही दिवसांत किंवा आठवड्यांत उद्‌भवल्यास ती तीव्र यकृत्-निष्फलता होय. यकृत् सूत्रण रोगासारख्या दीर्घकालीन विकाराच्या शेवटी ती सावकाश येते तेव्हा तिला चिरकारी म्हणतात. यकृतात पुनर्जननाची क्षमता असल्यामुळे, उरलेल्या कोशिकांना वेळ मिळाला तर रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. तो मिळाला नाही तर प्रतिरोपणावाचून उपाय उरत नाही. हा वेळ मिळवून देणारे द्रव्य वनस्पतींत सापडेल काय, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. या इतिहासातील अनेक महत्त्वाचे टप्पे भारतात व विशेषतः महाराष्ट्रात घडलेले आहेत.

प्राचीन वैद्यक : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पांडुरोगावरील सोळाव्या अध्यायात कामला म्हणजे काविळीचे विवेचन आहे. त्यात कोष्ठाश्रित व शाखाश्रित असे तिचे दोन प्रकार मानले आहेत. दुसऱ्या प्रकारात पित्ताचा मार्ग अडल्यामुळे मलाचा रंग वाटलेल्या तिळांसारखा पांढुरका होतो, असे लक्षण दिले आहे. पित्तनलिका रोधामुळे होणाऱ्या काविळीत आजही हेच लक्षण महत्त्वाचे मानले जाते. कुंभकामला या नावाने वर्णिलेली जुनाट अवस्था कष्टसाध्य म्हटली असून, काविळीच्या काही रुग्णांत आढळणारे मोह, तंद्रा इ. उपद्रव मृत्युसूचक मानले आहेत. यावरून काविळीतून होणाऱ्या मेंदूच्या विकृतीचे निरीक्षण प्राचीन वैद्यांनी केले होते, असे दिसते. कुटकी, गुळवेल, पुनर्नवा, त्रिफळा, कडुनिंब, दारुहळद या वनस्पतींचा या विकारांत वापर सांगितलेला आहे. पुढे रसरत्नसमुच्चय या ग्रंथात आरोग्यवर्धिनी हा कल्प आला. त्यात पारा, गंधक, लोह, अभ्रक व ताम्र यांच्याबरोबर त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रक ही द्रव्ये असून एकूण वजनाचा निम्मा भाग कुटकीचा असतो. मूळ ग्रंथात तो मुख्यतः कुष्ठासाठी सांगितला असला, तरी वैद्यांच्या व्यवहारात तो काविळीवरील प्रमुख कल्प ठरला.

यूरोपात याच काळाच्या आसपास दुसऱ्या एका वनस्पतीची परंपरा सुरू झाली. इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायॉस्कॉरिडीझ व रोमन लेखक थोरला प्लिनी यांनी उल्लेखिलेली, पानांवर दुधासारख्या पांढऱ्या शिरा असलेली एक काटेरी वनस्पती (लॅ. सिलिबम मॅरिॲनम) मध्ययुगात यकृताच्या तक्रारींवर दिली जाई. तिचा पुढील इतिहास कुटकीच्या इतिहासाला समांतर आहे.

लोकवैद्यक : विदर्भात व एकंदर महाराष्ट्रात काविळीवर दिल्या जाणाऱ्या झाडपाल्याच्या औषधांत भुईआवळीचा रस, एरंडाच्या पानांचा रस व ओलेकिराईताचा काढा ही प्रमुख होत. देवडांगरीच्या फळाचे पाणी नाकात सोडण्याचीही प्रथा आहे. त्यामुळे नाकातून पिवळसर स्राव वाहतो आणि कावीळ उतरली असे समजले जाते. वस्तुतः हा स्राव नाकाच्या श्लेष्मल अस्तराच्या तीव्र दाहामुळे येतो, त्याचा बिलिरुबिनाशी संबंध नसतो. काविळीची माळ हा असाच दुसरा प्रकार होय. ओल्या देठांच्या तुकड्यांना दोऱ्याच्या सैल गाठींनी गुंफून केलेली माळ डोक्यावर ठेवतात. देठ सुकून आकसले की गाठी सुटत जातात आणि माळ लांब होऊन गळ्यात, पुढे पोटापर्यंत उतरते. निरोगी माणसाला घातलेली माळही अशीच वाढते.

या उपचारांना यश येते असे वाटण्याचे कारण रोगाच्या स्वरूपात आहे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या अ व इ प्रकारच्या विषाणुजन्य यकृत्-शोथाचे (यकृताच्या दाहयुक्त सुजेचे) बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. ज्या थोड्या रुग्णांत यकृत्-निष्फलता उद्‌भवते त्यांत इ प्रकारच्या विषाणूने बाधित झालेल्या गर्भवती स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असते. अशा रुग्णांच्या बाबतीत झाडपाल्यावर विसंबून घालविलेले दिवस प्राणघातक ठरतात. म्हणूनच एखाद्या वनस्पतीच्या गुणाची परीक्षा करताना, औषध न देता किती रुग्ण बरे झाले असते, हे प्रथम ठरविणे अगत्याचे असते. हे तत्त्व भारतीय वनौषधींच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागू होऊ लागले.

रासायनिक व प्रायोगिक अभ्यास : ओलेकिराईतातील अँड्रोग्राफोलाइड हे कडू स्फटिकी द्रव्य १९११ मध्ये शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. भुईआवळीतील फायलँथीन व हायपोफायलँथीन या संयुगांवर १९४६ मध्ये टी. आर्. शेषाद्री व त्यांचे सहकारी यांनी काम केले. कुटकीपासून मिळविलेले ‘कुटकीन’ हे एकच संयुग आहे, असे प्रथम समजले जात होते. पुढे ते पिक्रोसाइड-१ व कुटकोसाइड या दोन ग्लायकोसाइडांचे मिश्रण असल्याचे १९७२ मध्ये दाखविण्यात आले. लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या ग्लायकोसाइडांचे प्रमाणित मिश्रण ‘पिक्रोलिव्ह’ या नावाने विकसित केले. सिलिबमच्या फळांतून मिळणाऱ्या सिलिमारिनाचे घटक जर्मनीत १९६८ च्या सुमारास वेगळे करण्यात आले. त्यांतील सिलिबीन हा प्रमुख होय.

या द्रव्यांची परीक्षा प्रामुख्याने उंदरांवर करण्यात आली. त्यासाठी प्राण्यांना कार्बन टेट्राक्लोराइड, पॅरासिटामॉल, गॅलॅक्टोज-अमाइन किंवा थायोॲसिटामाइड देऊन यकृताला इजा करतात आणि रक्तरसातील एंझाइमांची वाढ मोजतात. यांपैकी पॅरासिटामॉलाचे उदाहरण बोधप्रद आहे. या औषधाचा काही अंश यकृतातील सायटोक्रोम एंझाइमांमुळे अत्यंत क्रियाशील अशा विषारी पदार्थात रूपांतरित होतो. ग्लुटाथायोन हे कोशिकेतील संयुग त्यास निष्प्रभ करते. मात्रा फार मोठी असल्यास ग्लुटाथायोनाचा साठा संपतो आणि कोशिका मरतात. वनस्पतीचा अर्क दोन ठिकाणी उपयोगी पडू शकतो. तो ग्लुटाथायोनाचे रक्षण करील किंवा सायटोक्रोम एंझाइमांना रोधून विष तयारच होऊ देणार नाही. दुसऱ्या प्रकारात उंदराचे यकृत् वाचते, पण मूळच्या विषाणुजन्य रोगात त्या अर्काचा काही उपयोग होत नाही. शिवाय बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी किंवा त्याच्याबरोबर दिलेला असतो. रुग्ण मात्र इजा झाल्यानंतर रुग्णालयात येतो. शेकडो वनस्पती प्रयोगशाळेत ‘यकृत्‌रक्षक’ ठरल्या आणि त्यांपैकी फारच थोड्या रुग्णापर्यंत पोहोचल्या, याचे हे मुख्य कारण होय.

कुटकी व मुंबईतील चाचण्या : कुटकी (लॅ. पिक्रोऱ्हायझा कुरोआ) ही हिमालयात अतिउंचावर वाढणारी लहान ओषधी असून तिची मुळे व मूलक्षोड (जमिनीतील खोड) औषधी आहेत. आरोग्यवर्धिनीची तीव्र विषाणुजन्य यकृत्-शोथावरील द्विअंध चाचणी मुंबईत डी. एस्. अंतरकर, अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि तिचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. द्विअंध चाचणीत कोणत्या रुग्णाला औषध व कोणाला औषधासारखेच दिसणारे निर्गुण द्रव्य (निरौषध) मिळाले, हे रुग्ण व वैद्य या दोघांनाही माहीत नसते. शास्त्रीय ग्रंथातील कल्पाची अशा पद्धतीने परीक्षा होणे त्या काळी दुर्मिळ होते. या कल्पातील प्रमुख घटक कुटकी असल्यामुळे याच गटाने पुढे केवळ कुटकीची चाचणी घेतली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १५ रुग्णांना कुटकीच्या मुळांचे चूर्ण ३७५ मिग्रॅ. या मात्रेत दिवसातून तीनदा दोन आठवडे, तर १८ रुग्णांना निरौषध देण्यात आले. रक्तातील बिलिरुबीन सरासरी २.५ मिग्रॅ. प्रतिशत पातळीपर्यंत उतरण्यास निरौषध गटात ७५.९ दिवस, तर कुटकी गटात २७.४४ दिवस लागले.

रुग्णसंख्या लहान असली, तरी वैद्यकीय परंपरेतून निघून चाचणीकडे व तेथून प्रयोगशाळेकडे जाण्याचा हा मार्ग पुढे आदर्श मानला गेला. मात्र या चाचणीतील रुग्ण साध्या तीव्र यकृत्-शोथाचे होते, यकृत्-निष्फलतेचे नव्हते. त्यामुळे कावीळ लवकर उतरली यावरून मृत्यू टळतो, असे अनुमान काढता येत नाही. यकृत्-निष्फलतेवरील सर्वमान्य औषधांत पिक्रोलिव्हचाही समावेश झालेला नाही. बेसुमार तोडीमुळे कुटकी दुर्मिळ झाली असून १९९७ मध्ये तिचा समावेश संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियंत्रण करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला.

भुईआवळी : पावसाळ्यात शेतांच्या बांधांवर व पडीक जमिनीत सर्वत्र उगवणारी भुईआवळी (लॅ. फायलँथस अमारस) १९८८ मध्ये जगभर प्रसिद्धीस आली. मद्रास (आता चेन्नई) येथील एस्. पी. त्यागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब प्रकारच्या यकृत्-शोथ विषाणूच्या वाहकांना तिचे चूर्ण २०० मिग्रॅ. मात्रेत दिवसातून तीनदा ३० दिवस दिले. नंतरच्या तपासणीत औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या (५९%) रक्तातून विषाणूचे पृष्ठीय प्रतिजन नाहीसे झाल्याचे आढळले. निरौषध गटात हे प्रमाण २३ पैकी १ (४%) होते. या कामात बारूख ब्लुमबर्ग यांचाही सहभाग होता. ब विषाणूच्या शोधासाठी १९७६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते. त्यामुळे या निष्कर्षाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. परंतु थायलंड व इतर देशांत झालेल्या चाचण्यांत असा परिणाम दिसला नाही. वनस्पतीची नेमकी जाती, ती वाढलेली जमीन, अर्क काढण्याची रीत व विषाणूचा प्रकार यांतील भेद ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात. फायलँथस निरूरी या नावाने भारतात ओळखल्या गेलेल्या वनस्पती प्रत्यक्षात अमारस, फ्रेटर्नस व डेबिलिस अशा निरनिराळ्या जातींच्या असल्याचे वर्गीकरणवैज्ञानिकांनी १९८० नंतर दाखवून दिले. औषधाचे नाव एक व वनस्पती अनेक, ही अडचण वनौषधींच्या इतिहासात वारंवार येते. ब प्रकारच्या यकृत्-शोथाचे नियंत्रण अखेर प्रतिबंधक लशीने व विषाणुरोधी रासायनिक औषधांनी साध्य होऊ लागले.

सिलिमारीन : यकृताच्या चिरकारी विकारांत सिलिमारिनाच्या अनेक चाचण्या झाल्या. १९८९ मध्ये ऑस्ट्रियात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यकृत् सूत्रण रोगाच्या रुग्णांचे आयुर्मान वाढल्याचे दिसले, तर १९९८ मधील स्पॅनिश चाचणीत तसे दिसले नाही. क प्रकारच्या यकृत्-शोथाच्या १५४ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीतही (२०१२) नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेचा उपयोग झाला नाही. परंतु एका विशिष्ट प्रसंगी या वनस्पतीला निश्चित स्थान मिळाले. ॲमानिटा फॅलॉइड्स या विषारी भूछत्राच्या सेवनाने यकृत्-निष्फलता होते. सिलिबिनाचा जलविद्राव्य अनुजात शिरेतून दिल्यास तो ते विष यकृत्-कोशिकांत वाहून नेणाऱ्या प्रथिनाला रोधतो, म्हणून यूरोपातील रुग्णालयांत तो वापरला जातो. येथेही सांगोपांग तुलनात्मक चाचणी झालेली नाही. तथापि कोणत्या विषावर, कोणत्या टप्प्यावर व कशामुळे गुण येतो, हे ज्ञात असल्याने हे उदाहरण इतर वनस्पतींहून वेगळे ठरते. जपानमध्ये ज्येष्ठमधापासून मिळणारे ग्लिसिऱ्हायझीन चिरकारी यकृत्-शोथात शिरेतून देण्याची प्रथा आहे.

गुळवेल : एकाच वनस्पतीविषयी एकाच शहरातून परस्परविरुद्ध अनुभव नोंदले गेल्याचे उदाहरण म्हणून गुळवेलीचा (लॅ. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) इतिहास महत्त्वाचा आहे. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयात शरदिनी डहाणूकर, निर्मला रेगे, शल्यचिकित्सक रवी बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग रोधामुळे कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास केला. अशा रुग्णांत प्रतिकारक्षमता घटल्यामुळे शस्त्रक्रियेच्या सुमारास जंतुविषरक्तता होऊन मृत्यू ओढवतो. नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिलेल्या गटात जंतुविषरक्तता आढळली नाही. दुसऱ्या गटात ती ५०% रुग्णांत आढळली. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९२.४% व ४०% होते (१९९३). या अभ्यासात गुळवेलीचा उपयोग यकृत्-कोशिकांवरील औषध म्हणून नसून प्रतिरक्षा यंत्रणेला चालना देणारे द्रव्य म्हणून झाला.

पुढे करोना विषाणूच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला जाऊ लागला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील यकृत्‌तज्ञांनी २०२१ मध्ये केली. शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते अशा विकाराशी या रुग्णांची लक्षणे जुळत होती. पाठोपाठ देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला आणि वापरलेली वनस्पती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती असू शकते, असे मत मांडले. प्रतिरक्षेला चालना देण्याचा जो गुण १९९३ मध्ये उपकारक ठरला तोच, सुप्त आत्मप्रतिरक्षा विकार असलेल्या व्यक्तीत अपायकारक ठरू शकतो, असे स्पष्टीकरण या संदर्भात दिले जाते. मात्रा, कालावधी व रुग्णाची निवड यांवर देखरेख असलेली चाचणी आणि घरगुती अनिर्बंध वापर, हा या दोन घटनांतील मोठा फरक होय.

यकृतास घातक वनस्पती : वनस्पतिज द्रव्य निरुपद्रवी असते, हा समज मध्य भारतातील एका घटनेने खोटा ठरविला आहे. सरगुजा जिल्ह्यात (त्या वेळी मध्य प्रदेश, आता छत्तीसगढ) १९७० नंतरच्या दशकात काही गावांत पोटात पाणी होऊन यकृत् वाढल्याचे रुग्ण आढळू लागले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे ६७ रुग्ण नोंदले असून त्यांपैकी २८ मरण पावले होते. गोंदली या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या (क्रोटॅलॅरिया प्रजातीतील वनस्पतीच्या) बिया मिसळल्या गेल्या होत्या. त्यांतील पायरोलिझिडीन अल्कलॉइडांमुळे यकृतातील सूक्ष्म शिरा बंद झाल्या होत्या. मध्य भारतात या धान्यालाही ‘कुटकी’ म्हणतात; औषधी कुटकीशी त्याचा संबंध नाही. उत्तर प्रदेशात मुलांना होणाऱ्या व मेंदूज्वर समजल्या गेलेल्या एका प्राणघातक विकाराचे कारण कासविंद्याच्या (लॅ. सेना ऑक्सिडेंटॅलिस) शेंगा खाणे हे असल्याचे २००७ मध्ये निदर्शनास आले. त्यात यकृत्, स्नायू व मेंदू यांना एकाच वेळी इजा होते. हीच वनस्पती यकृताला हितकर म्हणून परंपरागत मिश्रणांत वापरली जाते. पारायुक्त कल्पांच्या बाबतीत धातूंच्या विषारीपणाचा प्रश्न याहून वेगळा असून तोही विचारात घ्यावा लागतो.

नागपूर व विदर्भ : मेळघाट, गडचिरोली व भंडारा येथील वनांमुळे विदर्भात औषधी वनस्पतींची विपुलता आहे. नागपूर हे आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे व शिक्षणाचे जुने केंद्र असून तेथे श्री बैद्यनाथ आयुर्वेद भवनाचा कारखाना, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, श्री आयुर्वेद महाविद्यालय, केंद्र शासनाची आयुर्वेद संशोधन संस्था व नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणविज्ञान विभाग आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७) व अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (२०१८) यांमुळे आधुनिक वैद्यकाच्याही सोयी येथे आहेत. वनस्पती, वैद्य, रसायनज्ञ व रुग्णालय एकाच शहरात असणे ही अशा संशोधनास अनुकूल परिस्थिती होय.

या प्रश्नाची निकड विदर्भात विशेष जाणवते. मानवातील पहिले यकृत् प्रतिरोपण अमेरिकेत १९६३ मध्ये व भारतातील पहिले यशस्वी प्रतिरोपण दिल्लीत १९९८ मध्ये झाले. नागपुरात मात्र ही शस्त्रक्रिया २०१८ पासून होऊ लागली. तोपर्यंत विदर्भातील रुग्णास मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागे. तीव्र यकृत्-निष्फलतेत अवधी दिवसांत मोजावा लागत असल्याने अनेकांना हे शक्य नसे. दात्यांची टंचाई व खर्च या अडचणी आजही कायम आहेत. स्वस्त, सहज मिळणारे व यकृताच्या पुनर्जननास अवसर देणारे औषध सापडल्यास त्याचा लाभ प्रथम अशाच प्रदेशांना होईल.

मूल्यमापन : तीव्र यकृत्-निष्फलतेत मृत्यूचे प्रमाण घटविते असे निःसंशय सिद्ध झालेले वनस्पतिज औषध अद्याप उपलब्ध नाही. पॅरासिटामॉलाच्या विषबाधेवर प्रभावी ठरलेले व इतर कारणांच्या निष्फलतेतही आरंभीच्या अवस्थेत उपयोगी आढळलेले एन-ॲसिटिल सिस्टीन हे वनस्पतिज नाही. तरीही वरील इतिहास निष्फळ म्हणता येत नाही. कुटकीने परंपरागत कल्पाची काटेकोर परीक्षा करता येते हे दाखविले. भुईआवळीने एका चाचणीवर विसंबू नये हे शिकविले. सिलिबिनाने विशिष्ट विषावर विशिष्ट संयुग शोधण्याची दिशा दाखविली. तर गुळवेलीने औषध व विष यांतील सीमा मात्रेइतकीच रुग्णावरही अवलंबून असते हे लक्षात आणून दिले. यापुढील संशोधनात वनस्पतीची अचूक ओळख, प्रमाणित अर्क, धातू व भेसळ यांची तपासणी, इजा झाल्यानंतर औषध देऊन केलेले प्राण्यांवरील प्रयोग आणि प्रत्यक्ष यकृत्-निष्फलतेच्या रुग्णांवरील नियंत्रित चाचण्या या गोष्टी अपरिहार्य आहेत. तोपर्यंत काविळीच्या रुग्णात झोपेचा क्रम उलटणे, असंबद्ध बोलणे, हातांना थरथर सुटणे किंवा रक्तस्राव होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास कोणत्याही झाडपाल्याची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात नेणे, हाच प्राण वाचविण्याचा मार्ग होय.